वाफ खाली बसते

माझी नेमणूक नौदलाच्या इंधन गोदामात मजूर म्हणून झाली. मी सैनिक नव्हते. नवरा नौदलात होता, आजारात गेला, आणि त्याच्या जागी मला नोकरी मिळाली. शिक्षण चौथी, पेठ वडगावला. काम ठरलेलं. जहाजांवर जाणारे पेट्रोलचे कॅन भरायचे, झाकणं तपासायची, गाडीबरोबर जेट्टीवर जाऊन ते ताब्यात द्यायचे.

कोल्हापुरात लोक अजून विचारतात, एवढं मोठं जहाज पेट्रोलवर चालतं का? नाही. मी बहुतेक ज्या जहाजावर जायचे, ते डिझेलवर चालायचं. पेट्रोल लागायचं त्याच्यावरच्या रबरी बोटींच्या मोटारींना. थोडंच लागायचं, पण भीती त्या थोड्याचीच. पेट्रोल डेकच्या खाली न्यायचं नाही. कॅन उघड्यावर, अगदी कठड्याला लागून असलेल्या रॅकमध्ये. त्या रॅकला एक पिन. आग लागली तर पिन ओढायची, की सगळे कॅन समुद्रात. कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही, उन्हाने पेट्रोल फुगतं. भरताना आधी कॅनला अर्थिंगची तार जोडून घ्यायची, नाहीतर घर्षणाच्या विजेने ठिणगी पडते. मी नायलॉनची साडी सोडून सुती नेसू लागले, ते यासाठी.

हे का, ते का, असं मी विचारत राहायचे. उत्तर देणारे एकच, त्याच जहाजावरचे पेटी ऑफिसर, म्हणजे हवालदाराच्या हुद्द्याचे, चौगुले. इचलकरंजीचे. नवऱ्याबरोबर एका जहाजावर होते, म्हणून मला वहिनी म्हणायचे.

एकदा त्यांनी मला आग विझवायच्या सरावाच्या मैदानात नेलं. लांब पत्र्याची पन्हाळ तिरकी ठेवली. वरच्या टोकाला चमचाभर पेट्रोल, खालच्या टोकाला मेणबत्ती. मधे दोन हात कोरडा पत्रा. मी बघत उभी. थोड्या वेळाने जाळ खालून निघाला आणि वर चमच्यापर्यंत धावत गेला.

"पेट्रोल पेटत न्हाय वहिनी, वाफ पेटती. दिसत न्हाय, आन् पाण्यागत उताराला जाती."

"म्हंजे खोलीत आसली तर?"

"खाली बसणार. गुडघ्यापतूर. वरच्याला वाटतंय, काय न्हाय."

मला ते पुन्हा बघायचं होतं. त्यांनी पुन्हा करून दाखवलं.

खंडेनवमीचा दिवस. सकाळी ९.४० ला सहा कॅन घेऊन मी जहाजावर चढले. रॅक मागच्या डेकवर. तिथून चार पावलांवर हॅच, म्हणजे खाली उतरायचं चौकोनी तोंड. खाली वर्कशॉप. कॅन रॅकमध्ये लागले आणि मला वास आला. चौगुले शेजारीच होते.

"भावजी, वास येतोय."

"तुमच्याच कॅनचा आसंल की."

"न्हाय. साही झाकणं बघितली. खालनं येतोय."

ते हॅचपाशी गुडघ्यावर बसले. मग पहाऱ्यावरच्या सेंट्रीला विचारलं, "नीचे क्या चल रहा है?"

"पूजा, सर. बोट की मोटर नीचे ले गये."

"दिया?"

"जलाया है, सर."

हत्यारांची पूजा त्या दिवशी सगळे करतात. मोटारींचीही करायची, म्हणून टाक्या काढून वर ठेवल्या आणि मोटारी खाली नेल्या. टाकी वर राहिली म्हणजे पेट्रोल वर राहिलं, असं सगळ्यांनी धरलं. पण मोटारीच्या पोटात आणि नळीत वाटीभर उरतंच. मोटार आडवी केली की ते गळतं.

चौगुल्यांनी वॉकीटॉकीवर आग विझवणारी तुकडी मागच्या वर्कशॉपपाशी बोलावली. "फायर पार्टी, आफ्ट वर्कशॉप. पेट्रोल व्हेपर. नो फायर येट. ओव्हर." ठिणगी नको म्हणून वॉकीटॉकी सेंट्रीच्या हातात दिला आणि खाली उतरले. त्यांचा आवाज वर येत होता. चढा नव्हता. "एक एक करके ऊपर. भागना नहीं."

माणसं वर आली. शेवटच्याच्या हातात फुलांची परडी तशीच होती. त्याच्यानंतर कोणी आलं नाही.

९.५२ ला भपकन् आवाज झाला. हॅचमधून माणसाएवढा जाळ वर आला. सेंट्री ओरडला, "बाई, पीछे हटो." मी रॅककडे गेले आणि पिन ओढली. साही कॅन पाण्यात पडले. तोवर फायर पार्टी होजच्या नळ्या घेऊन आली. आग दहा मिनिटांत विझली. चौगुल्यांना त्यानंतर वर आणलं, तेव्हा जीव नव्हता.

चौकशीत मला विचारलं, पिन ओढायची ऑर्डर कोणाची? मी सांगितलं, कोणाचीच नाही, ऑर्डर देणारा खाली होता.

खाली काय झालं ते मला जाणून घ्यायचं होतं. चौकशीवाल्या अधिकाऱ्याला मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने सांगितलं. चौरंगावरच्या निरांजनावर पितळी तांब्या उपडा घातलेला होता. आत वात शाबूत, विझलेली. पण आणखी एक पणती होती, हत्यारांच्या पेटीमागे, खाली जमिनीवर. कोणीतरी आपली म्हणून वेगळी लावलेली. ती चौगुल्यांना दिसली नाही.

त्यांची बायको इचलकरंजीत असते. नोकरी संपवून इकडे परत आल्यावर मी तिच्याकडे गेले. शेजारच्या शेडमध्ये माग चालू होते, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागलं. मी तांब्याचं सांगितलं, पणतीचंही सांगितलं. ती रडली नाही. चहा ठेवला.

"खाली किती माणसं हुती?" तिने विचारलं.

"त्यांना धरून धा."

"वर किती आली?"

"नऊ."

"मग त्यांनी मोजली आसणार," ती म्हणाली. "मोजल्याबिगर वर येणारं माणूस न्हवं ते."