जनावरांची डोण

"कोणाकडं उतरलीस गं तू?"

मोजणीच्या टेपचं टोक माझ्या हातात होतं. पाय बारवेच्या तिसऱ्या पायरीवर. वर काठाला अण्णासाहेब उभे. बारवेभोवतीच्या बागेसाठी जमीन त्यांनीच दिली होती, म्हणून रोज कामावर चक्कर असायची. गाव विचारलं, मी चुडावा सांगितलं. आडनाव विचारलं नाही. आमच्याकडं हल्ली आडनाव विचारत नाहीत, ते बरं दिसत नाही. कोणाकडं उतरलीस, एवढंच विचारतात. घर कळलं की गल्ली कळते. गल्ली कळली की पुढचं विचारायची गरज राहत नाही.

"आत्याकडं. बुद्धविहाराच्या मागं."

ते चिडले नाहीत. मायेनंच म्हणाले, "मग वर ये बाळा. खाली देवळीत देव हाय. गावात उगं बोलायला नको."

मी सरांकडं पाहिलं. सर म्हणजे शहरातून आलेले आर्किटेक्ट. जुन्या वास्तू जपायला हव्यात म्हणून भाषणं देणारे. मानधन देऊन मला इंटर्नशिपवर त्यांनीच घेतलं होतं. मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला. बाप रेल्वेत गँगमन. एवढं शिकणारी घरातली मी पहिली. या इंटर्नशिपचं सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय कॉलेज मला पाचव्या वर्षाला बसू देणार नव्हतं. सरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"ये गं वर. आपल्याला इथं अख्खा उन्हाळा काढायचाय."

मी वर आले. लिहितानाही तोंड कडू होतं. पण आले. टेपचं टोक बरोबरच्या पुण्याच्या मुलाला दिलं. तो खालून मापं ओरडायचा, मी लिंबाखाली बसून ड्रॉइंग काढायचे. ज्या बारवेत मला उतरू दिलं नाही, तिची एकूण एक पायरी माझ्या हातानं कागदावर उतरली. सर खूश. "तुझा हात फार चांगला आहे," म्हणायचे. हात चालत होता. पाय चालत नव्हते.

मग बारवेच्या मागच्या अंगाला, बाभळीची झुडपं तोडताना डोण निघाली. दगडात कोरलेली, लांबोळकी. बारवेच्या काठापासून तिच्यापर्यंत दगडाची पन्हळ. सर एकदम हरखले. ही लॉनच्या मधोमध ठेवू, बाजूला माहितीचा बोर्ड लावू, म्हणाले. मजकूर लिहायचं काम माझ्याकडं आलं.

संध्याकाळी आत्याला विचारलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"कशाला उकरायलीस ते?" मग परातीत बघतच म्हणाली, "लगीन होऊन आले तवा तिथंच पानी भरायचो आमी. त्यांच्यातलं कुणी वरून बादली ओतायचं, मग पन्हळीतून खाली यायचं. त्याच्या मनात आलं तर. न्हाई आलं तर बसा उन्हात घागर घिऊन. लय तहान लागली की डोणीतच तोंड घालायचं. लहान न्हाई, थोर न्हाई."

भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "तुझ्या बापाला नको सांगूस."

मी रात्रभर तळमळले. सकाळी बोर्डासाठी लिहिलं: "ज्या माणसांना बारवेत उतरू दिलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी या डोणीत वरून पाणी ओतलं जाई." साधं वाक्य. शिवी नाही, कोणाचं नाव नाही.

सरांनी वाचलं. पेन काढून आडवी रेघ मारली. वर लिहिलं: "गावातील जनावरांसाठी पाण्याची पुरातन डोण."

"सर, हे खोटं आहे."

"अगं, नंतर जनावरंच पीत असतील की. लोक लेकरं घेऊन फिरायला येणार. त्यांना कशाला हे?"

"सर, माझी आत्या यातून पाणी प्यायली आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. आवाज अगदी समजुतीचा.

"मग तिची लाज कशाला बोर्डावर मांडतेस?"

लाज. तिची. पाणी वरून ओतणाऱ्याची नाही. तहानेनं तोंड घालणारीची. तिसऱ्या पायरीवरून मी का परत आले, ते मला त्या क्षणी कळलं. मलाही तेच वाटलं होतं. आपल्यामुळं बिचाऱ्यांची अडचण व्हायला नको, असं. मी माफी मागितल्यासारखी वर आले होते.

"मी हा बोर्ड करणार नाही."

"मग सर्टिफिकेटचं अवघड होईल."

"होऊ द्या."

आवाज कापत होता. म्हणून पुन्हा एकदा म्हणाले. होऊ द्या.

पुढं काय झालं? काहीच झालं नाही. बोर्ड त्या पुण्याच्या मुलानं केला. मला सॉरी असा मेसेज पाठवला. माझं वर्ष गेलं. बाप म्हणाला, "एका बोर्डापायी?" आणि डबा घेऊन ड्यूटीवर गेला. बाग झाली. माझं ड्रॉइंग तिथं काचेत लावलंय, खाली सरांचं नाव. डोणीत झेंडू लावलाय. आत्याच्या गल्लीतल्या पोरी तिला टेकून फोटो काढतात. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही. आमच्या म्हाताऱ्यांनी लाजेनं तोंडं शिवून घेतली आणि सरांचं काम सोपं झालं.

एकदा आत्याला घेऊन गेले. "काय लिव्हलंय?" तिनं विचारलं. मी आहे तसं वाचून दाखवलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"आमीच फोडायला पायजे होती ती. भ्यालो." मग म्हणाली, "तू बोलल्यानं बदलंल का गं?"

"नाही वाटत," मी म्हणाले. खरंच नाही वाटत.

तरी मी दर रविवारी जाते. आधी बारवेत उतरते, समोरच्या पायऱ्यांनी, देवळीपर्यंत. मग डोणीच्या काठावर बसते. बोर्ड वाचायला जो थांबेल त्याला सांगते, इथं जनावरं नव्हती, माझी आत्या होती. कुणी हसतं. कुणी लेकराला हाताला धरून पुढं नेतं. वॉचमन येऊन उठवतो. मी उठते. पुढच्या रविवारी परत येऊन बसते.

इंटर्नशिपसाठी पुन्हा अर्ज केलाय. दुसरं गाव, दुसरी बारव. तिथंही काठावर कुणीतरी उभा असेल, कोणाकडं उतरलीस म्हणून विचारेल. मी सांगेन. आणि टेप धरून पुढची पायरी उतरेन.