शेवटच्या ओळीतल्या नऊ गाठी

रविवारी सकाळी दहाला टेम्पो येणार होता आणि शनिवारची दुपार झाली तरी रजईच्या निम्म्याहून जास्त गाठी बाकी होत्या. वहिनींच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. वहिनी म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या. अख्खी इमारत त्यांना वहिनीच म्हणे. रुग्णालयाच्या धुलाईखात्यात सव्वीस वर्षं काढलेली बाई. कुठली शिवण पहिल्या धुण्यात जीव सोडणार, हे त्या लांबून बघून सांगायच्या आणि नेमकं तसंच व्हायचं.

रजई होती तिसऱ्या मजल्यावरच्या बेकरीवाल्यासाठी. आठ महिन्यांपूर्वी वहिनींच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. नेमका उजवा हातच गेला, उजवा पाय बधिर झाला, बोलणं एकेका शब्दावर आलं. आठवड्यातून दोनदा व्यायामाला न्यायचं आणि इमारतीला लिफ्ट नाही! पहिल्याच दिवशी बेकरीवाला जिन्यात भेटला. "वहिनी, मैद्याची पोती उचलण्यात जन्म गेला माझा," म्हणाला. "दादा तर शहाणं पोतं, स्वतःच गळ्याला धरून बसतील." आणि पाठ करून खाली बसलासुद्धा.

तेव्हापासून एकही खाडा नाही. हा माणूस पहाटेपासून भट्टीसमोर उभा, दुपारी झोपायची वेळ, तेव्हा हा दादांना पाठीवर घेऊन चार मजले खाली आणि दोन तासांनी चार मजले वर. खोटं कशाला बोला, सख्खा भाऊ असता तर तिसऱ्या खेपेला कंबर धरून बसला असता.

आणि दादा? तोंडातून चकार शब्द नाही. पाठीवर बसले की डोळे गच्च मिटून घ्यायचे.

"अहो, एकदा तरी बोला की त्यांच्याशी," वहिनी एके दिवशी भडकल्याच. "बरं झालं तुम्ही आहात, एवढं म्हणायला काय होतंय?"

दादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "नुसता... घेतोय. देत... काही नाही."

वहिनींचा राग तिथेच विरघळला. माणूस माजलेला नव्हता, लाजेनं मेला होता.

आता बेकरी बंद पडली होती. बेकरीवाला डोंगरातल्या कुठल्याशा थंड गावी, मेहुण्याच्या भट्टीवर कामाला निघाला होता. जाता जाता बेकरीतल्या दोघा जुन्या कामगारांना सांगून दादांना उचलायची सोयही लावून ठेवली होती त्याने, आता बोला! तो असाच निघून गेला, तर दादांच्या मनातला हा काटा जन्मभर निघणार नाही, हे वहिनींना पक्कं कळत होतं. द्यायचं तर दादांच्या हातचंच द्यायला हवं होतं, आणि ते रविवारच्या आत.

म्हणून ही रजई. वर दादांच्या रंग लागलेल्या सदऱ्यांचे तुकडे, खाली बेकरीतूनच आलेल्या मैद्याच्या रिकाम्या पोत्यांचं धुतलेलं कापड, मधे कापूस. चार-चार बोटांवर दाभणाने तिन्ही थरांतून जाड दोरा ओवायचा, एक ओळ झाली की मधला दोरा कापायचा आणि प्रत्येक टाक्याच्या दोन टोकांची गाठ मारायची. गाठ दुहेरी. आधी उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं, तर दिसायला गाठ छान दिसते आणि पहिल्या धुण्यात सुटते.

ओवायचं काम वहिनींचं, गाठी दादांच्या. उजवं टोक वहिनी ताणून धरायच्या, डाव्या हाताने दादा दुसरं टोक फिरवायचे.

"ही सुटेल," वहिनी म्हणायच्या.

"मग... सोड."

"सोडतेच. बांधा परत."

दयामाया नाही! बुधवारी दिवसभरात तीन गाठी टिकल्या. शुक्रवारी दादांनी दाभण भिरकावलं, ते शोधण्यात अर्धा तास गेला आणि त्यात वहिनींनी नवऱ्याला काय काय ऐकवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. पण शनिवारी संध्याकाळी हाताला लय सापडली.

रविवारी सकाळी शेवटच्या ओळीतल्या नऊच गाठी उरल्या. ती ओळ नेमकी काठाची, आणि खुर्चीतून वाकून दादांचा हात पलंगापर्यंत पोचेना. वहिनींनी रजई ओढून सरळ दादांच्या मांडीवर घेतली आणि भराभर ओवत सुटल्या. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. दादा एकामागून एक गाठी मारत होते. तपासायला वेळच नव्हता. नववी गाठ झाली आणि दारावर थाप पडली.

"वहिनी, निघतो हं," बेकरीवाला आत आला.

"थांबा भाऊजी, तुमच्यासाठी केलंय," म्हणत वहिनींनी मोठ्या ऐटीत रजई उचलली. तर रजईबरोबर दादांचा पायही वर आला.

वहिनींनी वाकून रजईखाली बघितलं. मग वहिनींनी कपाळावर हात मारला. नऊच्या नऊ टाके दादांच्या पँटसकट ओवले होते! मांडी बधिर, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही. बेकरीवाला हसत हसत भिंतीला टेकला.

"अगं बाई, काय ही फजिती! थांबा, कापते गाठी," वहिनींनी कात्री उचलली.

दादांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. "नाही."

"अहो, टेम्पो उभाय खाली!"

"गाठी... माझ्या. पँट काप."

"नवी पँट आहे ती!"

"काप!"

दादांचा इतका मोठा आवाज आठ महिन्यांत निघाला नव्हता. वहिनींनी पँटची हातभर पट्टी रजईलाच राहील अशी कापून काढली. कापता कापता अंगठा नऊही गाठींवरून फिरला. एकही चुकलेली नव्हती.

दादांनी रजई स्वतःच्या हाताने पुढे केली. बेकरीवाला घ्यायला वाकला, तशी त्यांनी त्याची बाही घट्ट पकडली आणि डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे बघितलं.

"तू... नसतास, तर मी... या खोलीतच... संपलो असतो. फार... उपकार झाले."

बेकरीवाल्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने बाहीनेच डोळे पुसले. "दादा, पहिल्या दिवशी तुम्हाला पोतं म्हणालो. राग नाही ना?"

"जड... होतो?"

"बाप रे! विचारू नका!"

मग तिघंही हसली आणि तिघंही रडली. हॉर्न परत वाजला.

वहिनींनी खुर्ची खिडकीशी ओढली. खाली बेकरीवाला टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसला, रजई मांडीवर घेऊन. वर बघून त्याने हात हलवला. दादांनीही हलवला, वळणापलीकडे टेम्पो दिसेनासा होईपर्यंत.

"टिकतील... ना?" दादांनी विचारलं.

"सव्वीस वर्षं धुणं केलंय मी," वहिनी म्हणाल्या. "कापड फाटेल, पण तुमची गाठ सुटायची नाही."

दादांनी मान हलवली आणि पँटच्या भोकावर डावा हात ठेवून तसेच रस्त्याकडे बघत बसले.