पद्माकरअण्णांचा तूपत्याग

मल्लेश्वरममधल्या मराठी पंगतीत तूप वाढण्याचा मान पद्माकर हुपरीकरांचा. आता ‘होता’ म्हणायला हवं, पण आमच्या जिभांना अजून त्याची सवय नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, तूप वाढणं म्हणजे काय मोठंसं? त्याने एकदा आमच्या पंगतीला यावं. पानावर मीठ येतं, चटणी येते, कोशिंबीर येते, भाजी येते. भाताची मूद पडते, तिच्यावर वरण पडतं आणि तरी कुणी जेवत नाही. भुकेने डोळे पांढरे झाले तरी जेवत नाही. तूप पडलं, की मग हात हलतात. म्हणजे हॉल कुणाचाही असो, नवरा-नवरी कुणाचीही असोत, तेवढ्या घटकेपुरतं राज्य तूपवाल्याचं.

अण्णा मूळचे निपाणीचे. टेलिफोन बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात लागले आणि बंगळुरात राहिले ते राहिलेच. कारखान्यात त्यांचं काम डायल तपासायचं. बोट घालून फिरवायची आणि ती न अडखळता परत येते का, ते बघायचं. जन्मभर हेच केल्याने मनगटाला जे वळण लागलं, ते पुढे तुपाला उपयोगी पडलं, असं ते सांगत. खरंही असेल. त्यांची धार मुदीच्या बरोबर माथ्यावर पडायची आणि मनगट वळलं की कापल्यासारखी तुटायची. कोशिंबिरीत थेंब जाईल तर शपथ.

शिवाय माणसांची पारख. “बेडा बेडा, नको, शुगर आहे,” असं तोंडाने म्हणत डोळ्यांनी भांड्याकडे बघणारा माणूस ते लांबून ओळखायचे. त्याच्या पानावर धार सोडून म्हणायचे, “स्वल्प घ्या हो. डॉक्टर काय पंगतीला बसलाय?” एकदा डॉक्टर खरोखरच शेजारी बसला होता. त्यालाही वाढलं.

अण्णांच्या आधी हा मान शेषगिरीकाकांकडे होता. काका पंगत चालू असताना गेले. मठ्ठा यायच्या आत खांबाला टेकून बसले आणि संपले. पण जाण्यापूर्वी त्यांनी भांडं सपाट जागा बघून ठेवलं होतं. इतर गावांत माणूस गेला की त्याच्या परोपकाराच्या गोष्टी सांगतात. आमच्याकडे अजून सांगतात, “गेले, पण तूप सांडलं नाही.” तेव्हा हे पद मृत्यूनेच रिकामं होतं, अशी सगळ्यांची पक्की समजूत. आमच्या मराठी मंडळाच्या घटनेत अध्यक्षाचा राजीनामा आहे, खजिनदाराची हकालपट्टी आहे, हरवलेल्या सतरंजीची चौकशीसुद्धा आहे. तूपवाल्याच्या निवृत्तीबद्दल अक्षर नाही.

आणि अण्णांचा हात कापायला लागला.

एका लग्नात कढत तूप नवरीच्या मामाच्या मनगटावर पडलं. मामा जे. पी. नगरचे, सभ्य गृहस्थ. “काही नाही, काही नाही,” म्हणत डाव्या मनगटावर फुंकर घालत उजव्या हाताने जेवले. पण अण्णांच्या जिवाला लागलं. घरी आल्यावर बायकोला, विद्यावहिनींना, म्हणाले, “आज मामाचं मनगट होतं. उद्या एखाद्या पोराचं तोंड असेल.”

“मग सोडा की.”

“सोडता येत नाही ना! शेषगिरीकाकांनी सोडलं होतं का?”

“त्यांच्यासारखंच सोडायचं असेल तर खांब बघून ठेवा,” वहिनी म्हणाल्या.

त्याच वर्षी ऑगस्टात जपानच्या सम्राटांचं भाषण टीव्हीवर आलं. ऐंशी ओलांडलेला तो राजा अतिशय सौम्यपणे सांगत होता, की वय झालं, पूर्वीसारखी कर्तव्यं पार पाडणं अवघड होईल असं वाटतं. बातमीदार म्हणाला, सम्राटांना पद सोडायचंय, पण तसं थेट बोलता येत नाही, कारण तिथल्या कायद्यात सम्राटाने पद सोडायची सोयच नाही. अण्णा खुर्चीच्या टोकावर आले.

“विद्या, अगं हा आपल्यातलाच आहे!”

अण्णांनी सम्राटांचं सगळं उचललं. तो सौम्यपणा, ते थांबत थांबत बोलणं आणि मुख्य म्हणजे मुद्द्याचं न बोलणं. मंडळाच्या सर्वसाधारण सभेत ते उठले आणि म्हणाले, “माझं वय झालं. इतकी वर्षं तुमची सेवा करण्याचं भाग्य लाभलं. पुढेही ती पूर्वीसारखी व्हावी, अशी फार इच्छा आहे. पण शरीराची चिंता वाटते. आपण समजून घ्याल, अशी आशा आहे.” आणि बसले.

जपानी जनता असल्या बोलण्यातून समजली म्हणे. इथे जनता मराठी होती. मराठी सभेत म्हातारा माणूस उठून वय, सेवा आणि भाग्य हे तीन शब्द एका दमात बोलला, तर त्याचा एकच अर्थ होतो: याला सत्कार हवाय.

अध्यक्ष अप्पासाहेबांचे डोळे भरून आले. “चुकलं आमचं अण्णा,” ते म्हणाले. “तुम्हाला तोंडाने मागावं लागलं.”

“अहो, मी मागितलं नाही...”

“हाच तुमचा मोठेपणा!”

गणपतीत सत्कार झाला. शाल झाली, श्रीफळ झालं आणि शेवटी अप्पासाहेबांनी अण्णांच्या कापऱ्या हातांत एक नवं चांदीचं तुपाचं भांडं ठेवलं. जुन्याच्या दुप्पट वजनाचं. “अण्णांनी शंभरीपर्यंत आपल्याला तूप वाढावं,” अशी घोषणा झाली. टाळ्या थांबेनात. घरी येऊन अण्णांनी भांडं टेबलावर ठेवलं.

“भाषण छान झालं,” वहिनी म्हणाल्या. “फक्त जपानीत करायला हवं होतं.”

पुढे तिकडे खास कायदा झाला. त्या एका सम्राटापुरता, पण झाला. इकडे अण्णा दोन्ही हातांनी भांडं धरून वाढत होते आणि लोक कौतुकाने म्हणत होते, बघा, कसे आदराने वाढतात.

एप्रिल २०१९ संपता संपता टोकियोत तो समारंभ झाला. आपल्याकडे दुपारची जेवणं आटपत होती. अण्णांनी तो ताटावरून न उठता, हात वाळवत पाहिला. मोजून दहाएक मिनिटांचं काम. पेट्यांत झाकलेली तलवार आली, रत्न आलं. राजा चार वाक्यं बोलला आणि निघाला. ना शाल, ना नारळ.

“याला म्हणतात निरोप,” अण्णा म्हणाले. “कुणी मनोगत व्यक्त केलं नाही!”

मग मात्र ते वहिनींना आणि मुलीला, केतकीला, घेऊन तडक अप्पासाहेबांच्या घरी गेले आणि आडपडदा न ठेवता बोलले, “मला तूप सोडायचंय. पुढच्या आठवड्यात तुमच्या नातवाची मुंज आहे. मुंज्या आईच्या शेजारी बसणार, आणि माझा हात असा.” त्यांनी हात पुढे धरला. हाताने आपलं म्हणणं मांडलं.

अप्पासाहेब गडबडले. “पण अण्णा, मग वाढणार कोण?”

तिथे प्रणीत होता. पुण्याहून नवा आलेला, कंपनीत नोकरी, मंडळाची वेबसाइट सांभाळतो. तो म्हणाला, “काका, सिंपल आहे. तूप स्क्वीझ बॉटलमध्ये भरायचं. सॉससारखं. एव्हरीबडी कॅन हेल्प देमसेल्व्ह्ज.”

सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की प्रणीत स्वतःच बाहेर जाऊन गाडीचं लॉक तपासून आला.

“केतकीला येतं,” वहिनी म्हणाल्या. “लहानपणापासून बघत आलीय. हातही वडिलांचाच आहे, म्हणजे पूर्वीच्या.”

“मुलीने?” अप्पासाहेब म्हणाले. “वहिनी, पहिलं तूप बाईमाणसाने वाढल्याची आपल्यात पद्धत नाही. जपानात बघा, इतके पुढारलेले, पण गादी मुलीला नाही.”

“तुमच्या घरी इतकी वर्षं तूप कोण वाढतं?”

“ही वाढते. का?”

“मग पुरुष बोलवत जा. जपानहून.”

केतकी फोनमध्ये डोकं घालून हसत होती. तिला कुठे गादी हवी होती? ती म्हणाली, “काका, मला काही नको. बाबांच्या हातून कुणाला भाजू नये, एवढंच.” अप्पासाहेबांनी सगळ्यांचं ऐकून, मान हलवून समिती नेमली. तोवर अण्णांनीच वाढावं, असं ठरलं.

मुंजीच्या दिवशी पानं मांडली गेली. मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी. मुदी पडल्या, वरण पडलं. चांदीचं भांडं टेबलावर वाफाळत होतं. आणि अण्णा हात धुऊन आले, वहिनींचा हात धरून पहिल्या पंगतीत मुंज्यासमोरच्या पाटावर जाऊन बसले.

लोकांना वाटलं, घटकाभर विसावलेत. मग अप्पासाहेब आपल्या पानावरूनच खुसपुसले, “अण्णा, तूप!”

“हो, वाट बघतोय,” अण्णा म्हणाले.

“अहो, म्हणजे तुम्ही...”

“मी जेवायला बसलोय.”

पंगतभर बातमी गेली. सगळे हात मुदींच्या वर थबकलेले. कुणी उठेना, कुणी जेवेना. मुंज्याने पापड उचलला, तर आईने हातावर मारलं. स्वयंपाकघराच्या दारातून आचारी नागराज ओरडला, “सार, अन्न तण्णगायतु!” भात निवला, हे कळायला कानडी यावं लागत नाही. वरणावर साय धरायला लागली. अप्पासाहेबांना इन्शुलिन घेऊन बराच वेळ झाला होता. घाम फुटला होता, कोशिंबिरीकडे बघण्याची त्यांची नजर बदलली होती. एक काकडीचा तुकडा त्यांनी उचलला, चार माणसं बघताहेत म्हणून परत ठेवला. आणि मग मंडळाची परंपरा, समिती आणि जपानचा कायदा हे सगळं एका आरोळीत रद्द झालं.

“केतकी! अगं उभी काय राहिलीस? घे ते भांडं!”

केतकीने ओढणी कमरेला खोचली आणि भांडं घेतलं. पहिली धार मुंज्याच्या पानावर पडली. नीट माथ्यावर, पण जरा जास्त. पुढच्या पानाला मनगट उशिरा वळलं आणि दोन थेंब लिंबाच्या फोडीवर गेले. अण्णांचं उजवं मनगट पाटावर बसल्या बसल्या आपोआप वळत होतं. चटणीजवळ तिची धार रेंगाळली, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

“गप्प बसा,” वहिनी पानाकडे बघतच म्हणाल्या. “माजी आहात.”

अण्णांनी तोंड मिटलं. केतकी त्यांच्यासमोर आली. त्यांनी मान खाली घातली, तिच्या हाताकडे पाहिलं नाही. तूप पडलं. कोशिंबिरीतही थोडं गेलं. 

मुंज्या खाली मान घालून जेवत होता. अप्पासाहेबांचा तिसरा घास चालू होता. अण्णांनी भात कालवला आणि नेहमीसारखा मोठा घास तोंडात घातला. इतकी वर्षं ते शेवटच्या पंगतीला, सगळं निवल्यावर जेवत आले होते. मुदीच्या पोटात भात अजून कढत होता. जीभ अशी पोळली, की डोळ्यांत पाणी आलं.

“फुंकर मारून खा,” वहिनी म्हणाल्या, आणि पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.