वॉन्टेड काका

वॉन्टेड काका समोरच्याच्या तोंडाकडे पाहून कधी बोलले नाहीत. ते कानाकडे पाहायचे. पहिल्यांदा भेटणारा माणूस आपल्या कानाला काही लागलंय की काय म्हणून तो रुमालाने पुसायला लागे, आणि काका तेवढ्यात अर्धी प्रदक्षिणा घालून दुसराही कान बघून घेत. "मिशी काढता येते, नाक फोडून घेता येते, नाव तर रोज नवं ठेवता येते," ते म्हणत, "पण कान कुठं नेशीन?"

हे त्यांचं पोटापाण्याचं ज्ञान होतं. काका मध्य प्रदेश पोलिसांतले मोठे अधिकारी. मधली काही वर्षं सरकारने त्यांना युरोपात, देशोदेशींच्या पोलिसांनी मिळून चालवलेल्या एका कचेरीत धाडलं होतं. एका देशात गुन्हा करून दुसऱ्या देशात दडून बसलेल्यांची वर्णनं तयार करायची आणि ती जगभर पाठवायची, हे तिथलं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी भिलाईच्या वैशाली नगरात घर बांधलं, आणि आमच्या सेक्टर दोनमधल्या पोरांनी आठवड्याच्या आत त्यांचं बारसं करून टाकलं. हे नाव त्यांच्या तोंडावर घ्यायची कुणाची छाती नव्हती. त्यांना ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं आणि मनापासून आवडलंही होतं.

माझे बाबा पोलादाच्या प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क. काका आणि बाबा वर्ध्याकडच्या एकाच गावचे, त्यात काकू लवकर गेलेल्या, मूलबाळ नाही, म्हणून दर रविवारी काकांचं जेवण आमच्या क्वार्टरमध्ये. आम्हा भावंडांना वाटायचं, आज तरी पिस्तुलाची गोष्ट निघेल. पण छे! काकांच्या गोष्टींत टाइपरायटर, टाचण्या, कपाटं आणि चुकीच्या कपाटात गेलेले कागद. एकाच गोष्टीत काका धावले होते. "मी जिंदगीत एकच माणूस पाठलाग करून पकडला," ते म्हणाले. आम्ही सरसावून बसलो. "आमच्या कचेरीचा शिपाई. सुट्टीवर चालला होता आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात राह्यली होती."

ओळख पटवण्याच्या या महामेरूने एकदा बाजारातून दुसऱ्याचीच स्कूटर घरी नेली. भिलाईत तेव्हा दर दुसरी स्कूटर एकाच रंगाची आणि कुणाचीही चावी कुणालाही लागे. खरा मालक, रोलिंग मिलमधला एक फोरमन, संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. काकांनी त्याला आत घेतलं, चहा पाजला, दोन्ही कान नीट पाहिले आणि म्हणाले, "स्कूटरले कान नसतात ना हो!" फोरमन जाताना माझ्या बाबांना म्हणाला, हा माणूस चोर पकडत होता तेव्हा चोरांनी चांगलीच मजा मारली असेल.

काकांचा एक लाडका सिद्धांत होता: पळणारा माणूस लांब जातो. जवळ कधीच राहत नाही. सेक्टरमधली गाय हरवली तरी तिला शोधायला ते सायकलवाल्या पोरांना थेट राजनांदगावच्या रस्त्याला पाठवत. गाय मागच्या लाइनीत कुणाचा तरी भाजीपाला खात असे. पण या सिद्धांतावर काकांनी आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा तपास चालवला होता, आणि तिथे मात्र आम्हा कुणाला हसू येत नसे. ते आपल्या धाकट्या भावाला शोधत होते.

वसंता काकांपेक्षा बारा वर्षांनी लहान. आईवडील गेल्यावर काकांनीच त्याला वाढवलं, प्लांटमध्ये फिटर म्हणून लावलं. वसंताने दुलारी नावाच्या इथल्याच एका छत्तीसगढी मुलीशी लग्न करायचं ठरवलं, आणि काकांचं डोकं फिरलं. ते तेव्हा शेजारच्या जिल्ह्याचे एसपी. दोघं नागपूरच्या गाडीत बसली तर यांनी दुर्ग स्टेशनवर शिपाई उभे करून त्यांना खाली उतरवलं. भरल्या फलाटावर एका शिपायाने त्या पोरीला दंडाला धरून चालवत नेलं आणि तिच्या बापाच्या हवाली केलं. महिन्याभरात दोघं पुन्हा पळाली, आणि या वेळी सापडली नाहीत.

युरोपातून काकांनी मस्कतला लिहिलं, नैरोबीला लिहिलं, जहाजांच्या कंपन्यांना लिहिलं. जिथे जिथे त्यांच्या ओळखीचा पोलिस होता तिथे तिथे वसंताची उंची, बांधा, चाल आणि अर्थातच कान जाऊन पोचले. निवृत्तीनंतरही ही पत्रं चालूच होती. रविवारी जेवताना ते बाबांना उत्तरं वाचून दाखवत. सगळ्यांचा मजकूर एकच: असा इसम आढळला नाही. वाचून झालं की ताटातल्या बडीच्या भाजीकडे वळत. ही बडी म्हणजे कोहळा आणि उडदाच्या डाळीची, उन्हात वाळवलेली. इथे कोहळ्याला रखिया म्हणतात. काकांना ती इतकी आवडे की आई त्यांच्यासाठी वेगळी काढून ठेवी.

एका सप्टेंबरात, पितृपक्ष लागला तेव्हा, काका सकाळीच आले. पांढरं धोतर, हातात पिशवी. म्हणाले, "वयनी, शेवटचं पत्र आलं. कुठंच नाई वसंता. जिवंत असता तर सापडला असता. मी आता फाइल बंद करून राहिलो. शिवनाथ नदीवर जाऊन त्याचं श्राद्ध करून टाकतो. पानावर काय काय वाढाव लागते तेवढं सांगा. आन् ही तुमची बडी पायजे. त्याले लय आवडे."

आईच्या हातातलं पातेलं खाली आलं. बाबांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून. आईने ते जुमानलं नाही.

"जित्या माणसाचं श्राद्ध घालता का भाऊजी?" ती म्हणाली. "ही बडी त्याच्याच घरची आहे. चार वर्सं खाऊन राहिले तुमी."

वसंता दल्ली-राजहऱ्याला होता. आमच्या भिलाईपासून बसने अडीच-तीन तास, जिथल्या खाणीतून प्लांटला लोखंडाचं खनिज येतं तिथे. माझा मामा खाणीत नोकरीला. वसंता आणि दुलारी तिथे मेस चालवत होते, मामा त्यांच्याकडेच जेवायचा आणि दर हिवाळ्यात येताना बडीचा डबा आणायचा. वसंताने सगळ्यांना शपथ घातली होती, थोरल्याला कळू देऊ नका, पुन्हा शिपाई येतील. त्यामुळे भिलाईतल्या एकूण एक मराठी घराला हे ठाऊक होतं, आणि पोलिसाला एकानेही सांगितलं नव्हतं.

काका बराच वेळ पिशवीचा बंद गुंडाळत बसले. मग म्हणाले, "कवापासून मालूम आहे तुमाले?"

"चौदा वर्सं झाली."

"मंग मले कावून नाई सांगितलं?"

"तुमी मस्कतले विचारलं," आई म्हणाली, "आमाले कुठं विचारलं?"

मला आईचा तेव्हा राग आला होता. आज वाटतं, काकांनी आम्हाला विचारलं नाही ते बरोबरच होतं. मस्कतच्या पोलिसाला नुसती उंची आणि बांधा कळवून भागत होतं. आम्हाला विचारायचं तर दुर्गच्या फलाटावर काय झालं ते बोलावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी काकांना राजहऱ्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. काकांनी उन्हाळी कोट चढवला होता आणि खिशात चार मुद्द्यांचं इंग्रजी निवेदन होतं. बसमध्ये त्यांनी ते तीनदा वाचलं. माफी मागायला कुणी मुद्दे काढतं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सुटले एखादे तर?"

वसंताने भावाला पाहिलं आणि तो जागच्या जागी रडायला लागला. "दादा, बसा, जेवून घ्या अगोदर," एवढंच त्याला सुचलं. त्याचं प्रकरण तिथेच मिटलं. दुलारीकाकू मात्र आतून आल्या, थेट काकांच्या डोळ्यांत पाहून म्हणाल्या, "भात अउ देवंव का, साहेब?" आणि गिऱ्हाइकाला वाढतात तसा भात वाढून गेल्या. निवेदन खिशातच राहिलं. त्या मेसचा एक नियम होता, ज्याने त्याने आपली थाळी नळावर धुवायची. काकांनी धुतली. काकूंनी ती उजेडात धरून पाहिली. "थारी ल बने धोवव, साहेब. किनारी म तेल हे." काठाला तेल राहिलं होतं म्हणे. काकांनी पुन्हा धुतली. तीनदा धुतल्यावर ती पास झाली.

परतताना काका बसमध्ये म्हणाले, "पाह्यलं का तू? तिनं तुह्या मामासमोर डोक्यावर पदर घेतला. मह्यासमोर नाई." छत्तीसगढात बाई नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर डोकं झाकते, त्याच्याशी तोंड उघडून बोलत नाही. मामा वसंतापेक्षा मोठा, म्हणून काकूंनी त्याला जेठ मानलं होतं. मी कॉलेजातली शहाणी. म्हटलं, हे कसलं जुनाट, न बोलण्यात कसला मान? काका खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मी तिचा कोणी नाई, पोरी. मी साहेब आहो."

त्यानंतर त्यांचं रविवारचं जेवण आमच्याकडून सुटलं. दर रविवारी राजहरा. सोमवारी आई विचारी, काय झालं? आणि काका तोंड पाडून म्हणत, "बोलली." काय बोलली? "दार वाढू का म्हणून विचारलं." दार म्हणजे इकडची डाळ, वरण. एक बाई आपल्याशी बोलणं कधी बंद करते याची वाट पाहणारा दुसरा पुरुष मी पाहिलेला नाही. एकदा तर तिने तब्येत विचारली, तेव्हा बिचारे दोन दिवस बाहेर पडले नाहीत.

दीड वर्ष असं गेलं. मग एका रविवारी मी मामाकडे गेले होते आणि काकांबरोबरच मेसमध्ये जेवत होते. तिथे एक हवालदार नेहमी फुकट जेवायला यायचा. तो जेवला, थाळी तशीच सरकवून उठला. काका म्हणाले, "थाली धो के जाइए."

"तू कौन है बे?" हवालदार काठी सावरत वळला.

सगळ्या मेसचे हात थांबले. आता काका आपला हुद्दा सांगणार आणि हवालदार टाचा जुळवणार, हे मला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मी त्याची वाटच पाहत होते. काका उभे राहिले. "मैं इस घर का जेठ हूँ," ते म्हणाले, आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत.

हवालदाराने त्यांना एक शेलकी शिवी दिली, थाळी लाथाडली आणि निघून गेला. काकांनी ती उचलली आणि नळावर नेऊन धुतली. परत येऊन बसले तेव्हा दुलारीकाकू वरणाची बादली घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली, पदर कपाळापर्यंत ओढला, पाठ वळवली आणि मला म्हणाल्या, "नोनी, पूछ तो, दार अउ लेहीं का?"

मी विचारलं, वरण आणखी घेणार का. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते नुसती मान हलवत होते. मीच सांगितलं, हो, घेतील.

पुढची काही वर्षं दोघं एकमेकांशी शब्दही न बोलता फार छान राहिले. शेवटी काकांचं हृदय दमलं. दवाखान्यात दुलारीकाकू रोज पहिल्या बसने डबा घेऊन येत, खाटेकडे पाठ करून जमिनीवर बसत, आणि काय सांगायचं ते मला सांगत. मी ते हातभर अंतरावरच्या काकांना सांगायची, त्यांचं उत्तर काकूंना. मला कंटाळा यायचा, हसूही यायचं. शेवटल्या आठवड्यात एका दुपारी काका छताकडे पाहत म्हणाले, "तिले सांग, दुर्गच्या स्टेशनावर मी लय वाईट केलं. माफ कर म्हना."

ते काकूंनी ऐकलं होतं. त्यांची पाठ ताठ झाली होती. पण रीत ती रीत, त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी सांगितलं. शब्द न शब्द सांगितला.

काकूंनी डब्याचं झाकण काढलं, पदर नीट केला आणि मला म्हणाल्या, "कहि दे नोनी, भात ठंडा होवत हे."