गिरिजाबाईंचा पीपी नंबर

१९८८ साली जेसल पार्कमधल्या त्या चार मजली बिल्डिंगमध्ये फोन एकच होता, तळमजल्यावर गिरिजाबाईंकडे. नवरा काशीनाथराव टेलिफोन खात्यात, म्हणून लवकर मिळालेला. बाकीची पंधरा बिऱ्हाडं तोच नंबर ‘पीपी’ म्हणून नातेवाइकांना बिनदिक्कत वाटायची. फोन आला की बाई जिन्यात उभ्या राहून हाक मारायच्या. आवाज असा खणखणीत की मुलगा पास झाल्याचं त्याच्या आईआधी समोरच्या वाण्याला कळायचं.

मरणाची बातमी मात्र त्यांनी कधी ओरडून दिली नाही. “माणूस गेल्याचं जिन्यातून सांगतात होय?” म्हणत पदर खोचून स्वतः वर चढायच्या, त्या घरात बसायच्या, घोटभर पाणी पाजूनच खाली यायच्या. अशा किती खेपा झाल्या, देव जाणे. हे करा म्हणून त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

मग गुडघे गेले. डॉक्टरांनी जिना बंद केला. काशीनाथराव म्हणाले, “अगं, पुरे आता लोकांचं. फोन आलाय एवढं सांग नि मोकळी हो.” बाईंनाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोला! दुसऱ्यांचं रडणं अंगावर घेऊन त्या थकल्या होत्या. दोन दोन दिवस जेवण जात नसे.

त्र्याण्णवच्या मे महिन्यात भर दुपारी भावनगरहून फोन आला. चौथ्या मजल्यावरच्या हंसाबेनचा भाऊ गेला होता. बाई उठल्या, पण तिसऱ्या पायरीवर अशी कळ आली की मटकन खालीच बसल्या. वर जाववेना, ओरडून सांगवेना. स्वतःचाच राग येऊन तिथेच रडल्या. मग डोळे पुसून नेहमीच्या आवाजात हाक मारली, “हंसाबेन, चाय रखी है, नीचे आओ!”

हंसाबेन आली. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि मग सांगितलं. चहा तसाच निवला.

पुढे हीच रीत पडली. चहाचं बोलावणं आलं की लोक देवापुढे हात जोडूनच खाली उतरायचे. ते कळल्यावर बाई उगाचच, भजी तळली म्हणूनसुद्धा, एकेकाला चहाला बोलवायला लागल्या.

सत्त्याण्णवपर्यंत घरोघर फोन आले. त्या श्रावणात नेमका गिरिजाबाईंचाच फोन बंद पडला होता. काशीनाथराव भावाकडे गावी निघाले, तेव्हा हंसाबेनचा नंबर पीपी म्हणून लिहून घेऊन गेले.

चौथ्या दिवशी सकाळी हंसाबेन दारात उभी. गुडघे आता तिचेही कुरकुरत होते, तरी हाक न मारता चार मजले उतरून आली होती. एका हातात किटली, दुसऱ्यात दोन कप.

गिरिजाबाईंनी किटलीकडे पाहिलं. मागे सरकल्या, खुर्चीत बसल्या.

“ह्यांचं ना?”

हंसाबेननं किटली खाली ठेवली आणि आधी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.