बनफशाची कुंडी

“डोळ्यांनी बघा, हातानं नगं,” असं म्हणत मामा पुढे येत आणि कुंडीसमोर हात आडवा धरत. शेजारचं पोर असो की स्टेशनमास्तर, बोलणं तेच.

दौंड स्टेशनात ते सांधेवाले होते. गाड्या एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचं काम. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. पन्नाशी कधीच उलटलेली, दंड पिळदार, बोलणं तुटक. अशा माणसाच्या ओट्यावर पांढऱ्या व्हायोलेटच्या नाजूक फुलांची कुंडी असेल, असं तुम्हालाही वाटलं नसतं. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसूच आलं होतं.

मामा त्याला बनफशा म्हणत. त्यांची बायको एका गोऱ्या ड्रायव्हरच्या घरी आया होती. ते कुटुंब विलायतेला गेलं तेव्हा मडमेने तिला दोन रोपं दिली. एक पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. दुसरं तिने जगवलं, आणि मग तीच गेली.

थंड मुलखातलं झाड दौंडच्या उन्हात टिकवणं सोपं नव्हतं. भीमेच्या काठचा गाळ आणि कुजलेला पाला मामा स्वतः चाळून घालत. ऊन तापायला लागलं की कुंडीभोवती गोणपाट, दिवसातून तीनदा भिजवलेलं. इंजिनांची काजळी सगळ्या वस्तीवर बसायची. ड्यूटीवरून आले की ते ओल्या फडक्याने एकेक पान पुसत.

“एवढं कशाला, मामा?” मी एकदा विचारलं.

“ती पुसायची. आता ती न्हाई म्हून काजळी खाऊ द्यायची व्हय?”

खोकल्याच्या काढ्यासाठी कुणी फुलं मागितली तर ते हकिमाकडून पुडी आणून देत, पण फूल तोडू देत नसत.

एका हिवाळ्यात मोठ्या साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं. मी तेव्हा बुकिंग ऑफिसात टेम्पररी क्लार्क. मास्तर म्हणाले, “ती कुंडी माझ्या टेबलावर पाहिजे. तुझं ऐकेल तो.”

मी जाऊन मागितली तेव्हा मामांनी विचारलं, “तुमची जबाबदारी?”

“माझी. संध्याकाळी स्वतः आणून देतो.”

त्यांनी कुंडी उचलून माझ्या हातात दिली.

साहेबांच्या बाईसाहेब फुलांवर वाकल्या. वास घेतला, पुन्हा घेतला. मास्तर लगेच म्हणाले, “घेऊन जा की, बाईसाहेब. आपल्याच स्टेशनची आहे.” मग माझ्याकडे वळून, “साहेबांच्या सलून-डब्यात ठेवून ये.”

‘ही मामांची आहे.’ एवढंच म्हणायचं होतं. पण मला कायम करण्याचे कागद त्याच साहेबांच्या सहीला गेले होते. मी कुंडी उचलली आणि सलूनमध्ये नेऊन ठेवली.

संध्याकाळी मामा फाटकापाशीच उभे होते. त्यांनी माझे रिकामे हात पाहिले.

“वरचे लोक, मामा. काय करणार?”

“माझी हाय, म्हून सांगितलं व्हतं का तुम्ही?”

मी मान खाली घातली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “बरं,” एवढंच म्हणाले. ओट्यावर वाळत घातलेलं फडकं काढलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

दोन महिन्यांनी मी कायम झालो. वैशाखात काही कागद घेऊन सोलापूरला साहेबांच्या बंगल्यावर जावं लागलं. व्हरांड्यात ती कुंडी होती. आत क्रोटन लावलेलं. मी माळ्याला बनफशाचं विचारलं.

“ते झाड व्हय? कवाच मेलं,” माळी म्हणाला. “बाईसाहेब म्हणल्या, टाकून दे.”

त्याच आठवड्यात मामा रिटायर होऊन वरवंडला भावाकडे निघाले. मी एस.टी. स्टँडवर गेलो. ट्रंक टपावर चढली, ते खिडकीशी बसले. बस सुटायच्या बेतात असताना कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“बंगल्यावर गेला व्हता म्हणं. कसं हाय त्ये?”

“छान आहे, मामा,” मी म्हणालो. “फुलंसुद्धा आलीत.”



“वैशाखात?” ते हळूच म्हणाले. “बनफशा थंडीत फुलतो.”

मग त्यांनी तोंड फिरवलं आणि समोर बघत बसले. बस सुटली. मामा मला पुन्हा कधी भेटले नाहीत.