पडद्याची दांडी

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहतात. मोबाइलवर पालिकेचा ‘नाली साफ केली, तक्रार बंद’ असा मेसेज आला की ते पडद्याची जुनी दांडी घेऊन बाहेर पडतात. जाळीतून ती नालीत खुपसतात, वर काढून गाळ बघतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहितात, ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’. आम्ही पालिकेचं नाही, त्यांचंच खरं मानतो.

मध्यंतरी ते तापाने पडले होते. मेसेज आला तेव्हा त्यांनी अंथरुणातूनच लिहिलं, ‘नाही झालं. नेहमीचंच.’ मग आम्ही पालिकेला मनसोक्त शिव्या घातल्या.

ताप उतरल्यावर काका मफलर गुंडाळून नालीपाशी गेले. दांडी तळाच्या सिमेंटवर ठक्‌ वाजली. त्या संध्याकाळी ते गेटवर उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी पालिकेच्या सफाई कामगारालाही, थांबवत होते. मलाही थांबवलं.

“अगं, नाली साफ आहे. मी न बघता बोललो.”

“जाऊ द्या हो काका. एरवी पालिकावालेच खोटं बोलतात ना?”

“म्हणून मीही बोलायचं?”

मला ते जरा अतीच वाटलं होतं. पण काल पालिकेचा इंजिनिअर स्वतः गेटवर आला. “अंकलजी, सफ़ाई करवा दी है. आप देख लीजिए, फिर कंप्लेंट बंद करूँगा.”

काकांनी आतून दांडी आणली आणि माझ्या हातात दिली.

“तू बघ. माझ्या एकट्यावर तरी का विश्वास ठेवायचा?”

मी वाकून जाळीतून दांडी सोडली. ठक्‌ वाजलं.